उन्हाची पाळी

सूर्य सगळ्यांना सारखा प्रकाश देतो, असं मी चौथीच्या वर्गाला इतकी वर्षं शिकवत आलो आहे की ते वाक्य आता माझ्या तोंडून झोपेतही निघेल. आमच्या गावापुरतं ते खरं नव्हतं. आमच्या गावात सूर्यानं कधी, कुणाला आणि किती वेळ द्यायचा, हे माझे थोरले साडू ठरवत. सूर्याचं यावर काय म्हणणं आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. कंपनीच्या इंजिनियरचंही विचारलं नाही, आणि माझं विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला एरवी 'गुरुजी' म्हणत आणि चिडले की 'पाव्हणं'. पौड रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा मी मुख्याध्यापक. शाळेची मागची भिंत आणि दाजींचं परसू यांच्यामध्ये एक शेवग्याचं झाड तेवढं उभं आहे. माझी बदली इथं झाली तेव्हा बायकोला आनंद झाला, कारण ताई शेजारी मिळाल्या. ताईंना तेव्हाही दम लागायचा, पण चुलीच्या धुरानं सगळ्याच बायकांना लागतो तसाच हा, असं आम्ही समजत होतो. ते तसं नव्हतं, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. मी दाजींच्या गमती सांगायला बसलो असलो तरी या सगळ्याचा जीव ताईंच्या श्वासात अडकलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. लपवून ठेवायचा मला कंटाळा आला आहे.

दाजींनी उभ्या आयुष्यात एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे पाळ्या धरणं. त्यांच्या भाऊबंदांची सामाईक विहीर होती. तिच्यावर कुणाची मोटर कधी चालायची आणि कधी थांबायची, हे दाजी सांगत. कुणी पाळी सोडून पाणी घेतलं तर भांडण दाजींच्या ओट्यावर यायचं आणि तिथंच मिटायचं. पाटाच्या शेवटाला ज्याचं रान त्याला थोडा जास्त वेळ, कारण कोरडा पाट आधी स्वतः पाणी पितो. ज्याच्या घरी लग्न त्याची पाळी दुसऱ्यानं धरायची. असे त्यांचे कायदे होते आणि ते कुठंही लिहिलेले नव्हते. मग आजूबाजूच्या रानांसारखी ती जमीनही बंगलेवाल्यांकडे गेली. विहीर आता कुंपणाच्या आत आहे. तिच्यावर जाळी बसवली आहे, भोवती दिवे लावले आहेत, आणि शनिवार-रविवारी येणारी माणसं तिच्या कठड्यावर बसून फोटो काढतात. दाजींच्या हातात पाळ्या राहिल्या, वाटायला पाणी राहिलं नाही. त्यानंतरची काही वर्षं ते गावातून नुसते हिंडत. एसटीच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तर त्यांना बरं वाटे. निदान तेवढं काम मिळे.

अशात एका कंपनीनं समाजकार्याच्या निधीतून शाळेच्या स्लॅबवर सोलरच्या पाट्या बसवून दिल्या. गावातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी गळणारा स्लॅब शाळेचाच. शाळेवर तयार होणारी वीज शाळा, दवाखान्याचं उपकेंद्र, अंगणवाडी आणि पंचायतीचं ऑफिस अशा चौघांनी वाटून घ्यायची, अशी योजना होती. नेहमीची लाईन होतीच, पण आमच्याकडची लाईन म्हणजे असली तर आहे. बॅटऱ्या शाळेच्या कोठीत, खिचडीच्या तांदळाशेजारी ठेवल्या. तिथंच भिंतीवर बोर्ड, आणि बोर्डावर चौघांची चार बटणं. उद्घाटनाच्या दिवशी इंजिनियरनं समजावून सांगितलं की चारही बटणं कायम चालू ठेवायची, ज्याला जेवढी लागेल तेवढी वीज आपोआप जाईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून दाजी उठले आणि म्हणाले, "पाणी कदी आपल्या आपण वाटलं गेलंय का, सायेब?"

इंजिनियर हसून म्हणाला, "काका, हे पाणी नाही, करंट आहे."

"म्हंजी पाटानं येत न्हाई, वायरनं येतंय. येवडाच फरक न्हवं?"

यावर इंजिनियरनं काहीतरी उत्तर जुळवलं, तेवढ्यात चहा आला. पुढच्या आठवड्यात कोठीची एक किल्ली दाजींच्या करगोट्याला बांधलेली होती. ती त्यांना मीच दिली. नाही म्हणायला माणसाला जेवढी ताकद लागते, तेवढी माझ्यात दिवसाच्या कुठल्याच वेळी नसते.

तेव्हापासून माझी सकाळ त्यांच्या फोननं उजाडायला लागली. "गुरुजी, ऊन कसं हाय?" ते शाळेच्या मागे राहतात आणि मी शाळेच्या पुढे. दोघांच्या डोक्यावर एकच आभाळ. तरी त्यांना माझी साक्ष लागे. मी "आहे" म्हटलं की त्यांचं समाधान होत नसे. उन्हाचे प्रकार असतात, हे मला पन्नाशीजवळ आल्यावर कळलं. पातळ ऊन, दाट ऊन, दिसायला जोरात पण आत काही नाही असं पोकळ ऊन, आणि पावसाळ्यात ढगांच्या फटीतून सांडतं ते भिजकं ऊन. त्यावरून ते पाळ्या लावत. सकाळी शाळा, दुपारी दवाखाना, मधल्या वेळी अंगणवाडी, संध्याकाळी पंचायत. एकाचं बटण वर, बाकीच्यांची खाली. अंगणवाडी गावाच्या टोकाला, म्हणजे तिची वायर सगळ्यात लांब. म्हणून तिच्या पाळीला ते थोडा जास्त वेळ देत. "शेपटाला हाय ती. करंट पोचुस्तवर वायरच निम्मा पिऊन टाकती." इंजिनियरला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला, मग गंभीर झाला आणि म्हणाला, सर, प्लीज त्यांना बोर्डाला हात लावू देऊ नका. मी हो म्हटलं. अंगणवाडीच्या बाईंना मात्र दाजींचं विज्ञान मनापासून पटलं होतं.

पाट्या पुसायला ते रोज शिडीनं वर चढत. हातात ओलं पोतं, तोंडानं कावळ्यांना शिव्या. एका उन्हाळ्यात गल्लीतल्या एका काकूंनी पाट्यांवर कुरडया वाळत घातल्या. एवढी तापलेली, गुळगुळीत, उतरती जागा दुसरीकडे कुठं मिळणार. दाजी वर गेले, बघितलं, आणि खाली न येता वरूनच काकूंना हाक मारली. त्या दिवशीचं ऊन काकूंच्या कुरडयांनी प्यायलं होतं आणि ते ऊन चौघांचं होतं, तेव्हा कुरडयाही चौघांच्या, असा निवाडा झाला. काकूंनी आरडाओरडा केला. तरी दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिचडीबरोबर तळलेल्या कुरडया आल्या, दवाखान्यातल्या सिस्टरला कागदात बांधून गेल्या, अंगणवाडीत गेल्या, पंचायतीच्या शिपायानं उभ्या उभ्या खाल्ल्या. दाजींनी स्वतः एकही तोंडात घातली नाही. "माजा कुटं वाटा हाय," म्हणाले. मला ते तेव्हा फार विनोदी वाटलं होतं.

सरपंचांनाही त्यांनी सोडलं नाही. एकदा सरपंच काही कामानं शाळेत आले आणि त्यांनी माझ्या टेबलामागच्या प्लगात मोबाईल लावला. दाजी दारात येऊन उभे राहिले. सरपंच नात्यानं त्यांचा पुतण्या लागतो. "पंचायतीची पाळी सांच्याला हाय," एवढंच बोलले. सरपंच म्हणाले, "चुलतं, मोबाईल हाय तो. म्हस न्हाई." दाजी हलले नाहीत. मोबाईल निघाला. सरपंच गेल्यावर मी त्यांना म्हटलं, दाजी, माझ्या शाळेच्या खोल्या मंजूर व्हायच्यात हो. ते म्हणाले, "मग मंजूर झाल्या की त्याच्यात लावू दे त्याला."

मी त्यांना किती वेळा टाळलं असेल. फोन वाजला की पालथा ठेवायचा, शिडीचा आवाज आला की वर्गात शिरायचं. दोन शिक्षकी शाळा, वर ऑनलाईन माहित्या, प्रशिक्षणं, आणि त्यात उन्हाचा रोजचा हिशेब. कुणालाही कंटाळा आला असता असं मी स्वतःला सांगतो. पण टाळलेल्या माणसाच्या घरून रोज भाजीची वाटी येत असेल तर ते सांगणं पोटात नीट उतरत नाही.

मग ताईंचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं थकली आहेत, घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा आणि जास्तीत जास्त वेळ लावा. गुडघ्याएवढं, चाकांचं, सतत घरघरणारं मशीन आलं. त्यांच्या महाळुंग्याच्या जावयानं इन्व्हर्टरही पाठवला, पण तो मशीनपुढे थोड्या वेळात मान टाकी आणि मग शिट्टी वाजवत बसे. अडचणीला एक सिलिंडर कोपऱ्यात उभा असे. उन्हाळा निभला. पावसाळा लागला आणि मुळशीतल्या पावसाळ्यात व्हायचं तेच झालं. कुठं फांदी पडली, कुठं खांब कलला, लाईन गेली की गेली. आणि शाळेच्या कोठीतला बोर्ड ताईंच्या खाटेपासून हाकेच्या अंतरावर. मधे एक भिंत आणि एक शेवगा.

पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सांगितलं की एक वायर टाका. सिस्टरनं सांगितलं, अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं, ज्यांच्या कुरडया गेल्या त्या काकूंनीही सांगितलं. मी तर अधिकारानं सांगितलं. दाजी ऐकून घेत आणि मान हलवत. शेवटी मी जरा आवाज चढवून म्हटलं, दाजी, बायको आहे तुमची.

"बायको माजी हाय, पाव्हणं. ऊन गावाचं हाय." मग म्हणाले, "पयली वायर कुनाचीबी असू दे. दुसरी सरपंचाची असती."

त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो आमच्या गावाशिवाय कुठं कुणाला सुचला नसता. घराला पाळी नाही, पण शाळेला आहे, दवाखान्याला आहे, पंचायतीला आहे, आणि तिथं येऊन बसायला कुणालाही मनाई नाही. म्हणून ताईच पाळीबरोबर फिरू लागल्या. सकाळी प्रार्थना संपली की शाळेच्या फाटकातून ही वरात आत येई. पुढे दाजी, एका हातानं मशीन ओढत आणि दुसऱ्या हातात त्याच्यावर छत्री धरून, स्वतः भिजत. मागे ताई, पदर खोचून, चार पावलं टाकून थांबत. त्यांच्या मागे त्यांची प्लास्टिकची खुर्ची, जी हाताशी येईल त्याच्या डोक्यावर. शाळेत त्या माझ्या टेबलाशेजारी बसत, नाकात नळी, मांडीवर निवडायला भाजी. दुपारी वरात दवाखान्यात, संध्याकाळी पंचायतीत, आणि रात्री घरी, आली तर लाईन नाहीतर सिलिंडर. पहिल्या दिवशी मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. ताई म्हणाल्या, "गुरुजी, वाईट वाटून घेऊ नगा. ह्या माणसानं मला उभ्या जन्मात कुटं फिरवलं न्हाई. आता रोज तीन सरकारी हापिसं दाखवतुया."

तिसरीच्या मुलांना मशीनच्या घरघरीवर पाढे म्हणायची सवय लागली. पंचायतीत ताईंनी शिपायाला कामाला लावलं; आयुष्यात पहिल्यांदा तिथल्या कपाटांवरची धूळ निघाली. दवाखान्यात येणाऱ्या बायका आधी त्यांच्याकडे दुखणं सांगत आणि मग सिस्टरकडे जात. दाजी दाराबाहेर उकिडवे बसून आभाळ बघत. पाळी बदलायची वेळ झाली की आत डोकावून म्हणत, "उठा." ताई म्हणत, "आलं समन्स."

हसू येई, पण मला ते बघवत नसे. बायको रोज रात्री जेवताना विचारी, मुख्याध्यापक असून तुम्हाला एक वायर टाकता येत नाही? एक दिवस दाजी औषधं आणायला पौडला गेले तेव्हा मी वायरमनला बोलावलं. ऑफिसच्या खिडकीतून वायर काढली, शेवग्यावरून पलीकडे टाकली, आणि त्या दिवशी ताई शाळेत न येता आपल्या घरात, आपल्या खाटेवर मशीन लावून बसल्या. मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. मी पुन्हा वर्गात आलो, फळा पुसला, आणि मागून घरघर थांबल्याचं ऐकलं. धावत गेलो. ताईंनी स्वतःच प्लग काढून हातात धरला होता.

"गुंडाळा ही, गुरुजी," त्या दम घेत घेत म्हणाल्या. "त्यांना कळलं तर मला येका शब्दानं बोलायचे न्हाईत. पर उद्या कुनाला 'मोबाईल काढा' म्हनायला त्यांच्या तोंडात जीभ ऱ्हायची न्हाई. मग त्या माणसाचं मी दिवसभर घरात काय करू?"

मी वायर गुंडाळली. दाजींना ते कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. पण त्या संध्याकाळी शेवग्याची एक मोडलेली फांदी त्यांनी बराच वेळ हातात धरून बघितली.

आषाढात मग तो आठवडा आला. लाईन गेलेली, आणि ढग असे बसले की दिवस आणि संध्याकाळ यात फरक राहिला नाही. पाट्यांवरून नुसतं पाणी वाहत होतं. दाजींच्या भाषेत, विहिरीला पाझरच नव्हता. बॅटऱ्या उतरत गेल्या आणि एका दुपारी दवाखान्यात, ऐन दवाखान्याच्या पाळीत, मशीन थांबलं. सिलिंडर लावून ताईंना सरपंचांच्या गाडीतून पुण्याला नेलं. गाडीत दाजी त्यांचा हात धरून बसले होते आणि काचेतून वर बघत होते. ताई वाचल्या. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं की यापुढे मशीनला क्षणभराचाही खंड चालणार नाही.

त्या परत यायच्या आधी सरपंचांनी दाजींना पंचायतीत बोलावलं. मी, सिस्टर, अंगणवाडीच्या बाई, सगळे होतो. सरपंच म्हणाले, "चुलतं, आता तुमी गप ऱ्हायचं. ठराव घेतो. समद्यांची सही हाय. तुमच्या घराला पाळी, आन् ती बी पयली." दाजींनी ज्याला मोबाईल काढायला लावला होता, तो हाच माणूस. दाजींनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मला वाटलं, पुन्हा गावाचं ऊन निघणार. पण ते निघालं नाही.

"तुमी द्याल," ते म्हणाले. "तुमी द्याल, त्याचंच भ्या वाटतंय. बोर्ड माज्या हातात, आन् ती माज्या घरात. ढग आलं की मी हिकडं दवाखान्याचं बटन पाडीन. तितं कुनाचं पोर वाफ घेत बसलं आसंल, तरी पाडीन. माजा मला इस्वास न्हाई." मग करगोट्याची गाठ सोडवत, जरा वेळ लागला त्यांना, पुढे म्हणाले, "पाळी धरनाराचं सोताचं रान पाटाच्या शेपटाला बी नसावं आन् तोंडाला बी नसावं. माजं आता तोंडाला आलंय."

किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. त्या आठवड्यातच ते ताईंना घेऊन मुलीकडे महाळुंग्याला गेले. तिथल्या उंच इमारतीत तिचा फ्लॅट आहे. लाईन गेली तरी खाली जनरेटर आपोआप सुरू होतो, मशीनला कळतही नाही. गावाची वायर घरात घ्यायची नाही म्हणून त्यांनी घरच गावातून उचललं. जाताना कोठीत येऊन बोर्ड धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मला म्हणाले, "शेपटाला इसरू नगा."

मी विसरलो नाही, पण ते गेल्यावर महिन्याभरात इंजिनियर आला आणि त्यानं वाटणी आपोआप करणारी एक पेटी बसवली. जुनी बटणं काढून टाकली. आता चौघांना लागेल तशी वीज मिळते, ढग आले की दवाखान्याला आधी जाते, आणि कुणाला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. सगळं चांगलं चाललं आहे. संध्याकाळी पंचायतीत कुणी येत नाही, कपाटांवर पुन्हा धूळ बसली आहे, आणि तिसरीचे पाढे मधेच अडखळतात.

दाजींचा फोन अजून रोज सकाळी येतो. मी तो आता पालथा ठेवत नाही. मागे मशीनची घरघर ऐकू येते, एकसारखी, न थांबणारी, आणि ती ऐकली की मला आधी बरं वाटतं आणि मग वाईट. ते विचारतात, पाळ्या नीट चालल्यात न्हवं? मी म्हणतो, चालल्यात. अंगणवाडीला जरा जास्त देताय ना? देतोय, दाजी. सकाळी सकाळी एवढं खोटं बोलून मी प्रार्थनेला उभा राहतो. मध्येच एकदा मी विचारलं, तिथं कसं वाटतं. ते म्हणाले, "ब्येस हाय. हितं लाईट जातच न्हाई." मागून ताईंचा आवाज आला, "ठिवा आता, गुरुजीची शाळा भरली असंल."

पण ठेवण्याआधी ते एकदा विचारतातच, "ऊन कसं हाय?" त्यांच्या खिडकीतूनही तेच ऊन आत येत असणार, माझ्यापेक्षा आधी आणि कदाचित जास्तच. तरी मी व्हरांड्यातून खाली उतरतो, पटांगणाच्या मधोमध जाऊन वर बघतो, आणि पातळ असेल तर पातळ, दाट असेल तर दाट, जसं असेल तसं सांगतो. त्यात मी कधी फरक केलेला नाही.